झेंडा उतरल्यावर

३०० राऊंड शस्त्रागारातून निघाले, २८० झाडले, २० परत आले, तर पुंगळ्या, म्हणजे मागं पडलेली रिकामी पितळी टरफलं, किती? चुडाव्याच्या शाळेतलं तिसरीचं पोरगंही सांगेल, २८०. हेच गणित मी नोकरीभर मैदानात सोडवत आलो आणि ते पहिल्या फटक्यात सुटलं असे दिवस थोडेच. कधी २७९ भरायच्या, कधी २८१. एक कमी भरली की घाम फुटतो, हे कोणालाही कळेल. एक जास्त भरली की त्याहून जास्त फुटतो. मग ती जास्तीची कोणाची, कधीची, आणि आधीच्या तुकडीनं आपला हिशेब कसा काय जुळवला होता, हे सगळंच उकरावं लागतं.

मी राज्य राखीव पोलीस दलात होतो. नोकरीतली बरीच वर्षं फायरिंगच्या मैदानावर गेली, आधी शिकण्यात आणि मग शिकवण्यात. गाव चुडावा, पूर्णा आणि नांदेडच्या मधलं स्टेशन. निवृत्त झाल्यावर गावीच येऊन राहिलो. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यानं पळतात आणि पळून झालं की आमच्या ओट्यावर टेकतात. त्यांना विचारायचं असतं, एसएलआरचा धक्का खांद्याला किती बसतो, इन्सास हलकी आहे का, एके चालवली का. मी पुंगळ्यांवर येतो आणि पोरं मोबाईल काढतात. बंदुकीतून गोळी कशी सुटते ते सिनेमात दिसतं; सुटल्यावर खाली जे पडतं ते उचलताना कोणी दाखवत नाही. नायक तर ते तुडवत पुढं जातो.

आमच्याकडं फायरिंगचा दिवस असा असायचा. सकाळी बटवर लाल झेंडा चढायचा. बट म्हणजे टार्गेटच्या मागचा मातीचा मोठा बांध, गोळी अडवणारा. झेंडा वर आहे तोवर त्या बाजूला माणूस, गुरं, कोणी फिरकायचं नाही. मग दहा-दहा जणांची एकेक डिटेल फायरिंग पॉइंटवर यायची. ‘लेटकर पोजीशन’, ‘भर’, मग फायर आणि शेवटी ‘खाली कर’. हुकूम सगळे हिंदीत, आणि त्यातल्या शेवटच्या हुकमानंतर प्रत्येक रायफलीचा चेंबर रिकामा आहे का हे डोळ्यांनी बघितलं जायचं. तोवर पुंगळीला हात लावायचा नाही. आपल्या कोपराला टेकून पडलेली असली तरी नाही.

प्रत्येक हत्याराची पुंगळी टाकायची रीत निराळी. थ्री नॉट थ्री ही सभ्य रायफल. बोल्ट मागं ओढल्याशिवाय पुंगळी बाहेर येत नाही, आणि आली तरी शेजारीच पडते. जवान सावकाश बोल्ट ओढणारा असेल तर हाताच्या अंतरावर सगळ्या सापडतात. एसएलआर आपली आपण भरून घेते, त्यामुळं पुंगळी उजवीकडं भिरकावते ती चार-सहा पावलं लांब. शेजारचा जवान तिकडंच झोपलेला असतो. पिस्तुलाची पुंगळी बहुधा उजवीकडं आणि मागं उडते, म्हणजे मागं उभ्या असलेल्या उस्तादाच्या छातीवर. या सगळ्यावर आमचा उपाय एकच, ताडपत्री. पॉइंटच्या उजव्या अंगाला ती अंथरली की निम्म्याहून जास्त पुंगळ्या तिच्यावर पडतात. उरलेल्या शोधायच्या.

आणि इथंच शिष्टाचार सुरू होतो. ज्याला पाच राऊंड दिले त्यानं पाच पुंगळ्या टोपीत घालून द्यायच्या, असा साधा नियम केला तर काय होतं? ज्याला चारच सापडल्या तो शेजाऱ्याच्या वाट्यातली एक उचलतो. शेजाऱ्याला मग चार. तो पुढच्याची उचलतो. रांगेच्या टोकाचा बिचारा एकटाच आरोपी ठरतो, आणि तो बहुधा सगळ्यात नवा पोरगा असतो. एका जुन्या हवालदारांनी ही पद्धत मोडली. माझे तेच गुरू. त्यांचा दंडक असा: कोणाची पुंगळी कोणाची नाही, सगळ्या डिटेलच्या. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं, डावीकडून उजवीकडं एका चालीनं पुढं सरकत उचलायच्या, आणि एकाच डब्यात टाकायच्या. कमी पडली तर सगळी डिटेल शोधणार. या रीतीत चोरी करण्याचं कारणच उरत नाही. नियम कडक करून माणूस प्रामाणिक होतो असं वरिष्ठांना वाटत असतं; खोटं बोलून काही मिळणार नाही अशी सोय केली की तो जास्त लवकर होतो, हे त्या हवालदारांना कळलं होतं. पुस्तकात ही पद्धत असेल तर मला माहीत नाही, आमच्याकडं ती त्यांच्यामुळं आली.

मोजणीही बघण्यासारखी. राऊंडच्या पेटीचं झाकण पालथं घालायचं आणि त्यावर पुंगळ्या उभ्या करायच्या, दहाच्या ओळीनं. उभी का, तर तोंड दिसतं. आडव्या ढिगात एखादा जिवंत राऊंड लपून जातो, उभ्या ओळीत लपत नाही. मग एकेक उलटी करून बूड बघायचं. बुडाच्या मधोमध कॅपवर फायरिंग पिनचा खड्डा हवा. कडेला अक्षरं असतात. ‘केएफ’ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा. ‘ओएफव्ही’ म्हणजे भुसावळजवळचं वरणगाव, तो कारखाना १९६४ चा. त्याच्या शेजारी सालाचे आकडे. पितळ ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्ताचं. ते असं निवडलेलं असतं की बार होताच पुंगळी फुगून चेंबरला घट्ट बसते, मागं वायू सुटू देत नाही, आणि दाब उतरला की किंचित आकसते म्हणून बाहेर निघते. ताजी झाडलेली पुंगळी नाकाशी नेली तर जळक्या दारूचा उग्र वास येतो, आणि तोंडाशी काजळीची एक कड असते. जुनी, पावसात भिजलेली पुंगळी लगेच कळते; तिच्यावर हिरवट-काळा थर चढलेला असतो. २८१ वी भरली की आम्ही आधी हाच थर शोधायचो.

झाडताना फुसका निघालेला राऊंड वेगळा. कॅपवर खड्डा आहे पण बार झाला नाही, तर रायफल टार्गेटकडंच रोखून ठेवून थांबायचं. बार उशिरानंही होतो. मग तो काढून वेगळ्या डबीत. पुंगळ्यांच्या डब्यात तो चुकूनही जाता कामा नये.

एवढा काटेकोरपणा रिकाम्या पितळासाठी कशाला, असं पोरं विचारतात. पितळासाठी नाहीच. आमच्याकडं पुंगळी ही झाडलेल्या राऊंडची पावती आहे. ती हजर नसेल तर राऊंड झाडला गेला की कोणाच्या खिशात गेला, हे कशावरून ठरवायचं? एक जिवंत राऊंड बाहेर गेला तर त्याचं पुढं काय होईल हे सांगायला पोलीस असण्याची गरज नाही. आणि रिकामी पुंगळीसुद्धा बोलते. फायरिंग पिनचा खड्डा, बोल्टच्या तोंडाचे ओरखडे, ओढून काढणाऱ्या आकड्याची खूण, हे प्रत्येक हत्याराचं स्वतःचं असतं. मुंबईत कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत दोन पुंगळ्या एकाच वेळी दिसतील अशा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून जुळवतात. तेव्हा सरकारी रायफलीची पुंगळी रानात कुठंतरी मिळाली तर ती सरकारी रायफलीचंच नाव घेणार, मग कोणी तिथं आणून टाकलेली का असेना. मैदानावरची पुंगळी मैदानावरच राहिली पाहिजे, याचं हे दुसरं कारण.

मराठवाड्यात तिसरी अडचण जमिनीची. आमची माती काळी, कसदार, आणि फाल्गुन लागला की तिला भेगा पडतात. अशा भेगेत इन्सासची पुंगळी सहज जाते. करंगळीएवढी तर असते ती. मग दाताळी आणा, काड्या घाला, पाणी ओता, तोंड भेगेशी नेऊन टॉर्च मारा. दुपारी ऊन टाळूवर असताना पन्नास-साठ जवान गुडघ्यावर बसून जमीन चाचपताहेत, हे दृश्य लांबून बघणाऱ्याला काय वाटत असेल देव जाणे. भाकरीची वेळ टळलेली असते. पण एक गोष्ट मी दर वेळी बघितली: शोध जितका लांबतो तितकं बोलणं कमी होतं, आणि ‘कोणाची हरवली’ हा प्रश्न हळूहळू बंद पडतो. सापडली की सापडणारा ओरडतो. मग सगळे त्याच्यावर चिडतात, आधी का नाही सापडली म्हणून.

गरम पुंगळीचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यात गंमत वाटते आणि गंमत नाही. शेजारच्या एसएलआरची पुंगळी उडून कॉलरमध्ये शिरते. बार झाल्यावर लगेचची पुंगळी चांगलीच भाजते. माणूस झटका देऊन उठतो, वळतो, आणि त्याच्या हातात भरलेली रायफल असते. म्हणून शिकवायला उभा राहिलो की पहिली गोष्ट हीच सांगायचो: चटका सोस, नळी पुढंच ठेव, हत्यार खाली ठेव, मग नाच. कॉलरचं बटण लावायला लावायचो. अगदी नव्या तुकडीतल्या एका मुलीच्या मानेवर पुंगळी चिकटून राहिली होती. ती ओठ दाबून तशीच पडून राहिली, उरलेला राऊंड झाडला आणि ‘खाली कर’ झाल्यावर हात वर केला. मानेवर रुपयाएवढा लाल चट्टा. टार्गेटवर तिचे राऊंड कुठं बसले ते मला आठवत नाही.

आता चुडाव्याकडं येतो. आमच्या भागात सरवा वेचणं काय असतं ते कोणाला सांगावं लागत नाही. ज्वारी काढून झाली, भुईमूग उपटून झाला, हळद खणून ढेकळं उलथली, की मागं राहिलेलं वेचायला बायका-पोरं शेतात शिरतात. मालक त्यांना हाकलत नाही. पण कधी शिरायचं याला नियम आहे. रास उचलून घरी गेल्याशिवाय शिरायचं नाही. शेजारच्या उभ्या पिकाला हात लावायचा नाही. विचारायचं, मालक नसेल तर सालगड्याला. गावातल्या एकट्या म्हातारीला आधी जाऊ द्यायचं. माझी आई हळदीच्या सरव्याला जायची, तेव्हा मी तिच्या मागं टोपलं घेऊन असायचो. खणलेल्या रानातून ती पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत चालायची आणि गड्डा लागला की वाकायची. मागं राहिलेलं वेचणारा भिकारी नसतो आणि चोरही नसतो, हे मला तिथं कळलं. नोकरीत त्याचा उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

झालं असं की एका मैदानावर, कुठल्या ते सांगत नाही, फायरिंग संपलं की जवळच्या वस्तीतल्या बायका बटकडं यायच्या. हातात चाळणी, खुरपं, पोतं. बटच्या मातीत वर्षानुवर्षांचं शिसं रुतलेलं असतं. गोळीचं पुढचं टोक म्हणजे आत शिसं आणि वर तांब्याच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा. माती चाळून ते काढायचं, भंगारवाल्याला घालायचं. नियमाप्रमाणं मैदान सरकारी, बट सरकारी, रुतलेलं शिसंही सरकारीच. एका साहेबांनी बंदोबस्त लावला. मग त्या रात्री येऊ लागल्या. दुसऱ्यांनी कुंपण घातलं, तर ते उसवलं गेलं. फायरिंग चालू असताना लांब झुडपामागं कोणी बसलेलं दिसायला लागलं तेव्हा मात्र आम्ही हादरलो. झेंडा वर असताना माणूस आत असणं याच्याइतकं भयंकर काही नाही. त्या तिथं का बसायच्या, तर आधी पोचलेल्याला जास्त मिळायचं.

पुढं एकदा शोध घेऊनही आमची एक पुंगळी सापडली नाही. अहवाल गेला, जबाब झाले. नंतर पुढच्या फायरिंगच्या दिवशी त्या बायकांतली एक वयस्कर बाई सरळ पॉइंटवर आली. पदराच्या गाठीतून पुंगळी काढली आणि हातावर ठेवून दाखवली. दिली नाही.

“तुमचीच हाय न्हवं?”

“कुठं सापडली, मावशी?”

“गवतात. तवाच सापडली व्हती. द्यायला येणार व्हते, तुमचा शिपाई काठी घिऊन पळाला मागं.”

मी हात पुढं केला. तिनं मूठ मिटली.

“आमी तुमचं पितळ कदी नेत न्हाई. मातीतलं शिसं तेवढं नेतो. पर दिस हाय तवर येऊ द्या. रातीच्याला इच्चू-काटा असतोय, पोरी असत्यात संगं.”

लाचेला लाच म्हणता येईल असं यात काही नव्हतं, आणि धमकी म्हणावी तर तीही नव्हती. तिला आपल्या मालाची आणि आमच्या गरजेची किंमत बरोबर माहीत होती. त्या वेळच्या अधिकाऱ्यांना मी जे घडलं तसं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, झेंडा उतरल्यावर मैदानात कोण येतं ते मला इथून दिसत नाही.

त्या दिवसापासून रीत बसली. आमच्या पुंगळ्या जुळल्या, डबे बंद झाले, झेंडा उतरला, की बायका यायच्या. आधी नाही. झुडपामागं बसणं बंद झालं, कारण बसून फायदा उरला नाही. गवतात पुंगळी दिसली तर त्या एका ठरावीक दगडावर आणून ठेवायच्या. कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं आणि असतं तर कोणीतरी ते रद्द केलं असतं. रास उचलल्यावरच सरव्याला शिरायचं, यापेक्षा वेगळं आम्ही काही केलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला आजही बोचते. शिसं विष आहे. बारीक भुकटी हाताला लागते, तोच हात भाकरीला, तोच लेकराच्या तोंडाला. आम्ही त्यांना एवढंच सांगू शकायचो की हात राखेनं नाहीतर साबणानं धुवा आणि पोरांना चाळणीजवळ बसवू नका. ऐकायच्या किती, कोण जाणे. पोतं उचलताना त्यांच्या चेहऱ्यावर काळी धूळ असायची.

बाहेरचे जे लोक या वेचण्याला ‘भंगारचोरी’ म्हणून मोकळे होतात, त्यांनी नगरजवळचा के. के. रेंज आठवावा. खारे कर्जुने गावाच्या नावावरून पडलेलं हे नाव. लष्कराचा रणगाड्यांच्या सरावाचा हा परिसर नगर, राहुरी, पारनेर या तालुक्यांच्या हद्दीत पसरला आहे. तिथं गोळ्यांच्या पुंगळ्या नसतात, तोफगोळे असतात, आणि त्यातला एखादा न फुटलेला राहतो. आजूबाजूच्या वस्त्यांतली माणसं पितळ, तांबं, लोखंड वेचायला जातात, घरी आणून हातोड्यानं फोडतात, आणि मरतात. अशा बातम्या नगरकरांना नव्या नाहीत. तिथं मात्र आमच्यासारखी रीत बसवता येणार नाही. झेंडा उतरल्यावरही तिथली जमीन शांत झालेली नसते. मैदानावर पाटी लावली म्हणून भूक वाचायला शिकत नाही. पण पाटीशिवाय दुसरा उपायही तिथं मला दिसत नाही, एक सोडून. स्फोटकं ओळखणाऱ्या पथकानं आधी जमीन साफ करायची आणि निघालेल्या भंगाराचा पैसा त्या गावांना द्यायचा. हे माझं मत, कोणी मागितलेलं नाही.

शहरातल्या खेळाच्या रेंजवर हा ताण कमी असतो. मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज किंवा पुण्याला बालेवाडीची, तिथं खेळाडू बहुतेक छऱ्याच्या एअर रायफलीवर किंवा पॉइंट टू टू वर सराव करतात. एअर रायफलीला पुंगळीच नसते. पॉइंट टू टू ची पुंगळी चिमुकली, तिचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला, पिन कडेवर आदळते, त्यामुळं ती पुन्हा भरण्याच्या कामाची राहत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच जातीच्या रायफलीवर. मध्य रेल्वेतला माणूस, म्हणून चुडाव्याच्या स्टेशनावरही त्या दिवशी चर्चा होती, आमची लाईन दक्षिण-मध्यची असली तरी.

एनसीसीची पोरंही पॉइंट टू टू वरच शिकतात. नांदेडच्या बटालियनच्या कॅम्पहून आलेल्या एका पोरानं मला विचारलं, एक पुंगळी आठवण म्हणून ठेवली तर काय बिघडतं? कायद्याचं उत्तर असं: १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमात किरकोळ भाग, जे जोडीच्या दुसऱ्या भागांबरोबर वापरायचे नाहीत, ते बाळगण्याला सूटही आहे. म्हणजे वकील असेल तर सुटशील. पण त्याआधी विमानतळावर तुझी बॅग मशीनमधून जाईल, पडद्यावर काडतुसाचा आकार दिसेल, आणि रिकामी की भरलेली हे ठरेपर्यंत तुझं विमान गेलेलं असेल. माझं उत्तर याहून लहान होतं. तू खिशात घातलीस तेव्हा तुझ्या कॅम्पच्या उस्तादाची एक कमी भरली. तो उन्हात गुडघ्यावर बसला असेल.

माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. मी तिकडं गेलो तेव्हा त्यानं हौसेनं एका सार्वजनिक रेंजवर नेलं. पैसे भरायचे, ओळखपत्र दाखवायचं, आणि कोणीही आपली बंदूक घेऊन फायर करायचं. मला सगळ्यात आधी दिसलं ते जमिनीवर पडलेलं पितळ. इतकं, की चालताना पायाखाली कचकच वाजत होतं. आणि मोजायला कोणी नाही! माझे हात शिवशिवत होते.

तिथं पुंगळी पावती नाही, मालमत्ता आहे. पुष्कळ लोक घरी राऊंड पुन्हा भरतात. जुनी कॅप काढायची, पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, नवी कॅप, मोजून दारू, नवी गोळी. एकच पुंगळी अशी कितीतरी वेळा चालते. मक्याच्या कणसाच्या किंवा अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घालून ती फिरवतात, मग सोन्यासारखी निघते. आपल्याकडं हे परवान्याशिवाय केलं तर दारूगोळा बनवण्याचा गुन्हा. तिथं तो रविवारचा छंद. म्हणून तिथले नियमही त्या धाटणीचे. ज्यानं झाडली त्याची पुंगळी. दुसऱ्याची हवी असेल तर त्याचं फायरिंग संपल्यावर विचारायचं, मध्ये नाही. लाईनच्या पुढं पडलेली रेंजची. बादलीत टाकलेली रेंजची. आणि लाईन ‘कोल्ड’ झाल्याची, म्हणजे फायरिंग थांबल्याची, हाक येईपर्यंत कोणी वाकायचं नाही. सगळ्यांनी हत्यारं टेबलावर ठेवून पिवळ्या रेषेच्या मागं उभं राहायचं. ही शेवटची अट ऐकली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. मालक बदलला, भाषा बदलली, वाकण्याची वेळ तीच.

एक माणूस मात्र तिथंही आमच्या रांगेतल्यासारखाच होता. शेजारी फायर करत असताना त्याच्या मागं बादली घेऊन उभा, नजर जमिनीवर. शेजाऱ्यानं दोनदा मागं वळून बघितलं, मग मॅगझिन रिकामं करून थांबला आणि काही न बोलता आपलं सगळं पितळ झाडूनं गोळा करून पिशवीत भरलं. पुतण्या म्हणाला, काका, त्यानं विचारलं असतं तर तो देऊन टाकणार होता, तो भरतच नाही घरी.

परतताना गाडीत मी विचारलं, यांच्या बटमधल्या शिशाचं काय होतं? पुतण्यानं सांगितलं, त्याच्या कंपन्या असतात. ठराविक वर्षांनी मशीन घेऊन येतात, सगळा बांध चाळतात, शिसं नेतात, रेंजला पैसे देतात. काम करणाऱ्यांना मास्क, हातमोजे, रक्ततपासणी. मी त्याला आमच्या बायकांचं सांगितलं. त्यानं लगेच विचारलं, परवाना कोण द्यायचं?

मी म्हटलं, झेंडा.

तो हसला नाही. अमेरिकेत राहून त्याला एक चांगली सवय लागली आहे, पुढचा प्रश्न विचारायची. चाळताना जिवंत राऊंड मिळाला तर? बटच्या मातीत तो कसा येणार, पण पॉइंटजवळच्या गवतात एखादा पडलेला निघू शकतो, निघालाही होता. मग त्या काय करायच्या, हे मी त्याला सांगितलं. त्या हात लावत नसत. जवळ दगडांची उतरंड रचायच्या, एकीला तिथं राखणीला बसवायच्या आणि दुसरी आमच्या गाडीमागं हाका मारत पळत यायची. त्या बदल्यात तिला काही मिळत नव्हतं. उलट मैदान तेवढ्यापुरतं बंद व्हायचं आणि सगळ्यांचा दिवस बुडायचा.

पुतण्यानं विचारलं, हे त्यांना तुम्ही शिकवलं होतं का. मी नाही म्हणालो. पुंगळ्या मोजून झेंडा उतरवण्यापलीकडं आम्ही त्यांच्याशी कधी बसून बोललोच नव्हतो.